सेकंदाला ३७० किलोमीटर, पण कशाच्या सापेक्ष?

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वर्गात तुला शिकवलं की निरपेक्ष स्थिरता नावाची गोष्टच नसते. कोण चालतंय आणि कोण उभं आहे, हे बघणाऱ्यावर ठरतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका व्याख्यानात फळ्यावर लिहिलेलं पाहिलंस की सूर्य सेकंदाला ३७० किलोमीटर वेगाने चालला आहे. तू विचारतेस, हे ३७० कशाच्या सापेक्ष? आणि विश्वात एखादी खरीखुरी स्थिर चौकट, म्हणजे जिच्या मानाने सगळे वेग मोजावेत अशी, सापडली असेल, तर सापेक्षता शिकायची तरी कशाला?

दोन्ही विधानं बरोबर आहेत. ती एकमेकांच्या आड येत नाहीत, हे तुला माझ्या शब्दावर पटू नये, हिशेबाने पटावं. म्हणून वही-पेन घेऊन बस.

आधी एक सवय लावून घे. 'वेग' हा शब्द लिहिलास की त्याच्यापुढे 'च्या सापेक्ष' लिहिल्याशिवाय वाक्य संपवायचं नाही. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने नावेत बसलेल्या माणसाचा दाखला दिला: नाव पुढे जाते आणि त्याला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात; तसेच अचल तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. १६३२ मध्ये गॅलिलिओने जहाजाच्या पोटातली बंद खोली घेतली. जहाज संथपणे एका वेगाने चाललेलं असेल, तर आत थेंब सरळ खाली पडतात, माशा सगळीकडे सारख्याच उडतात, आणि आत बसून केलेला कुठलाही प्रयोग जहाज चाललंय की उभं आहे हे सांगू शकत नाही. आर्यभट खिडकीबाहेर पाहणाऱ्याविषयी बोलतो, गॅलिलिओ खिडकी बंद करतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या फरकातच आहे, म्हणून तो नीट लक्षात ठेव.

आता पुण्यात बसलेल्या माणसाचे वेग मांड. पृथ्वीच्या अक्षाच्या सापेक्ष सेकंदाला सुमारे ४४० मीटर. सूर्याच्या सापेक्ष सुमारे ३० किलोमीटर. आकाशगंगेच्या केंद्राच्या सापेक्ष, सूर्याबरोबर, सुमारे २३० किलोमीटर. माणूस एकच, खुर्चीही तीच. यातला खरा वेग कोणता, असं विचारलंस तर प्रश्न अर्धवट आहे.

इथे एक अपवाद आहे आणि तो बऱ्याचदा घाईत सुटतो. तुला शक्य असेल तेव्हा पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत जा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने लोकांना तिथे जाता येतं. अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, ते बघ. पण मी तुला पाठवतोय ते फूकोच्या लंबकासाठी, म्हणजे उंचावरून टांगलेल्या, मोकळा झुलणाऱ्या जड गोळ्यासाठी. त्याच्यापाशी फोटोपुरती थांबू नकोस, चांगली तासभर थांब. लंबकाचं झुलण्याचं प्रतल पुण्याच्या अक्षांशावर तासाला जवळजवळ पावणेपाच अंश फिरतं. पृथ्वीच्या ध्रुवावर ते तासाला पंधरा अंश फिरलं असतं. पुण्यासाठी त्याला अक्षांशाच्या साइनने गुणायचं. तिथे उभं असताना हा गुणाकार कर आणि समोर जमिनीवर पडताळून बघ.

त्या लंबकाला आकाश दिसत नाही. त्याला सूर्य माहीत नाही, तारे माहीत नाहीत. तरी पृथ्वी फिरते आहे हे तो बंद इमारतीत सांगतो. म्हणजे एकसारखा सरळ वेग बंद खोलीत कळत नाही, पण फिरणं कळतं, वेग बदलणं कळतं. 'सगळं सापेक्ष असतं' हे वाक्य म्हणूनच मला आवडत नाही. काय सापेक्ष आहे आणि काय नाही, याची काटेकोर यादी म्हणजे सापेक्षतेचा सिद्धांत. लंबकाचं प्रतल ज्या चौकटीत स्थिर राहतं, ती अतिदूरच्या दीर्घिकांच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या) मानाने फिरत नाही, असंही आपल्याला दिसतं. हा योगायोग आहे की दूरचं सगळं वस्तुमान मिळून इथली चौकट ठरवतं? भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी हा विचार मांडला, आणि १९६४ साली जयंत नारळीकर आणि फ्रेड हॉइल यांनी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत याच विचारावर उभा होता. तो धागा लांबचा आहे. सध्या फक्त वहीत नोंद करून ठेव.

तू रेडिओ खगोलशास्त्राकडे वळायचं म्हणतेस, म्हणून आता तुझ्याच वाटेवरचं उदाहरण. हायड्रोजनचा अणू १४२०.४ मेगाहर्ट्झला रेडिओ लहर सोडतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्यांतून तू आकाशगंगेतला हायड्रोजनचा एखादा ढग बघितलास, तर त्या लहरीची वर्णपटातली रेषा बरोबर त्या आकड्यावर येत नाही. ढग सरकत असतो, सूर्य सरकत असतो, आणि वर्षाच्या एका टोकाला पृथ्वी ढगाच्या दिशेने धावत असते, तर सहा महिन्यांनी त्याच्यापासून दूर. जवळ येताना वारंवारता वाढते, दूर जाताना घटते, आणि ती वेग भागिले प्रकाशाचा वेग या प्रमाणात: ३० भागिले ३ लाख, म्हणजे दहा हजारांत एक. १४२० मेगाहर्ट्झचा दहा हजारावा भाग म्हणजे १४२ किलोहर्ट्झ. ढग पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाजवळ असेल, तर नुसत्या पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याची रेषा वर्षभरात इकडे १४२ आणि तिकडे १४२ किलोहर्ट्झ हलते. जानेवारीचं निरीक्षण जुलैच्या निरीक्षणात तसंच मिसळलंस तर रेषा फासली जाईल आणि काही दिसणार नाही.

म्हणून माहितीवर प्रक्रिया करताना प्रणाली तुला आधीच विचारते: वेग कोणाच्या सापेक्ष देऊ? दुर्बिणीच्या? सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राच्या? की सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांची सरासरी गती शून्य मानून ठरवलेल्या स्थानिक स्थिर चौकटीच्या? त्या शेजारी ताऱ्यांच्या मानाने सूर्य स्वतः सेकंदाला सुमारे २० किलोमीटरने, साधारण अभिजित ताऱ्याच्या बाजूला सरकतो. यातला पर्याय कामाप्रमाणे निवडावा लागतो. पल्सारच्या (ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्याच्या) ठोक्यांच्या वेळा लावताना सूर्यमालेचं केंद्र घेतात, आकाशगंगेच्या भुजा रेखाटताना शेजारचे तारे. सत्तांतर झाल्यासारखं 'आता खरी चौकट ही' असं तिथे कोणी म्हणत नाही. कोणती निवडली ते फक्त स्पष्ट लिहायचं असतं. माझ्या पाहण्यातला निम्मा गोंधळ ते न लिहिल्यामुळे झालेला आहे.

आता विश्वाकडे. व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ साली लॉवेल वेधशाळेतून देवयानी दीर्घिकेचा वर्णपट घेतला आणि त्यातून तिचा वेग काढला. सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर, आणि तेही आपल्या दिशेने. विश्वप्रसरणाच्या इतिहासातलं पहिलं मोजमाप जवळ येणाऱ्या दीर्घिकेचं आहे, हे विसरू नकोस. पुढे उपयोगी पडेल. त्यांनीच नंतर बहुतेक दीर्घिका दूर जाताना पाहिल्या. १९२२ मध्ये फ्रीडमन यांनी आणि १९२७ मध्ये लमेत्र यांनी गणितातून प्रसरणशील विश्व काढलं, १९२९ मध्ये हबल यांनी अंतर आणि वेग यांचा सरळ संबंध दाखवला. हा इतिहास तुला कुठेही वाचायला मिळेल, मी त्यात अडकत नाही.

त्याऐवजी हे कर. एका रेषेत आपण, मग १० कोटी प्रकाशवर्षांवर अ, २० कोटींवर ब, ३० कोटींवर क अशा दीर्घिका मांड. आपल्यापासून दूर जाण्याचे त्यांचे वेग ठोकळमानाने सेकंदाला २,१००, ४,२०० आणि ६,३०० किलोमीटर. आता ब दीर्घिकेवर जाऊन बस, म्हणजे सगळ्यांतून ४,२०० वजा कर. अ एका बाजूला २,१०० ने दूर जाते, क दुसऱ्या बाजूला २,१०० ने, आणि आपण ४,२०० ने. बवरून दिसणारा नियम हुबेहूब आपलाच. आता मुद्दाम बिघडवून बघ: वेग अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घे, २,१००, ८,४००, १८,९००. बवरून पुन्हा वजाबाकी कर. अ ६,३०० ने दूर जाते आणि क १०,५०० ने. दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत, आणि मध्यावर कोण बसलंय ते लगेच उघडं पडतं. वेग अंतराच्या सरळ प्रमाणात असतो तेव्हाच प्रत्येकाला आपण मध्यावर आहोत असं दिसतं आणि कोणीच मध्यावर नसतं. हे वाचून कळलं असं वाटतं. वजाबाकी स्वतः केली की अंगात भिनतं.

मग या सगळ्यात स्थिर कोण? प्रत्येक दीर्घिका स्वतःला स्थिर म्हणवते. त्यांच्यातला वाद सोडवणारं काही आहे का? आहे, आणि ते १९६४-६५ मध्ये न्यू जर्सीतल्या होमडेल इथे पेन्झियस आणि विल्सन यांना त्यांच्या अँटेनात, कुठल्याही दिशेला रोखलं तरी न जाणाऱ्या खरखरीच्या रूपात मिळालं. विश्व तरुण आणि तापलेलं होतं तेव्हाचा प्रकाश प्रसरणाने ताणला जाऊन आज २.७२५ केल्व्हिन तापमानाच्या सूक्ष्मलहरी झाला आहे. हे पार्श्वभूमी प्रारण सगळीकडून येतं. ज्याला ते सर्व दिशांनी सारख्याच तापमानाचं दिसतं, तो त्या ठिकाणच्या प्रसरणाबरोबर आहे, तिथल्यापुरता स्थिर. जो त्यातून धावतो, त्याला समोरचं आकाश किंचित गरम आणि पाठीमागचं किंचित थंड दिसतं.

तो फरक मोजणं सोपं नव्हतं. हवेतली वाफही सूक्ष्मलहरी सोडते, म्हणून १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगासाठी स्मूट, गोरेन्स्टाइन आणि म्युलर यांनी आपलं उपकरण यू-२ विमानावर चढवलं. हे विमान वातावरणाच्या बहुतेक वाफेच्या वरून उडतं. दोन शिंगाकृती अँटेना आकाशाच्या दोन वेगळ्या भागांकडे रोखलेले होते आणि उपकरण फक्त त्यांच्यातला फरक नोंदवत होतं. मग अँटेनांच्या जागांची अदलाबदल करायची: आकाशातला फरक असेल तर चिन्ह बदलेल, उपकरणाचा दोष असेल तर बदलणार नाही. ही अदलाबदलीची युक्ती मनात कोरून ठेव. छोटा परिणाम मोजायचा असेल तेव्हा तापमान न मोजता फरक मोज, आणि मग उपकरण उलटं करून पुन्हा मोज.

आज तो फरक पक्का माहीत आहे: सरासरीहून एका बाजूला ३.३६ मिलिकेल्व्हिन जास्त, नेमक्या उलट बाजूला तितकाच कमी. ०.००३३६ भागिले २.७२५ केलंस की ०.००१२३ येतं, त्याला प्रकाशाच्या वेगाने गूण. तुझे ३७० आले. फळ्यावर लिहिलेला वेग या प्रारणाच्या सापेक्ष होता, एवढंच तिथे लिहायचं राहिलं.

आणि ही दिशा तू डोळ्यांनी बघू शकतेस. एप्रिलच्या उत्तरार्धात रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास महाराष्ट्रात सिंह रास डोक्यावर असते. पूर्वा फाल्गुनीचे दोन तारे शोध. त्यातला उत्तरेकडचा जवळजवळ बरोबर माथ्यावर येतो. त्याच्यापासून दक्षिणेकडच्या ताऱ्यावर ये आणि तीच रेषा पुढे दक्षिणेला, हात लांब करून धरलेल्या वितीइतकी, वाढव. तिथे डोळ्याला विशेष काही दिसत नाही. सूर्य आपल्या सगळ्या ग्रहांना घेऊन त्या दिशेला चालला आहे. गच्चीवर जाऊन एकदा तरी तिकडे बोट दाखव. आकडा आणि दिशा दोन्ही हाताशी असले की वेग हा सदिश आहे हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. पृथ्वी सूर्याभोवती ३० किलोमीटरने फिरते, आणि ही दिशा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलापासून फार लांब नाही. त्यामुळे डिसेंबरच्या मध्याला पृथ्वीचा वेग सूर्याच्या वेगात भर घालतो आणि आपण त्या प्रारणातून सुमारे ४०० ने जातो; जूनच्या मध्याला तो उलटा पडतो आणि सुमारे ३४० राहतात. तापमानाच्या नकाशात हा वार्षिक हेलकावा पाव मिलिकेल्व्हिनचा आहे. कोबे, डब्ल्यूमॅप आणि प्लांक या तिन्ही उपग्रहांना तो दिसला, आणि पृथ्वीचा वेग आपल्याला उत्तम माहीत असल्यामुळे आपली उपकरणं तपासायला त्यांनी तोच वापरला. १,३८० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रकाशात पृथ्वीचं एक वर्ष मोजता येतं. इतक्या वर्षांनीही हे लिहिताना मला भरून येतं.

मग आइन्स्टाइन कुठे गेला? तो होता तिथेच आहे. गॅलिलिओच्या बंद खोलीत परत जा. ती खोली अशी बांध की पार्श्वभूमी प्रारण आत शिरणार नाही. आता सेकंदाला ३७० ने जाणाऱ्या आणि शून्याने जाणाऱ्या खोलीत तू कोणताही प्रयोग कर, काहीही फरक पडणार नाही. प्रारण बघायचं म्हणजे खिडकी उघडायची. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली जो ईथर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारं मानलेलं माध्यम, शोधत होते, तो प्रकाशाच्या नियमांसाठीच लागतो असं मानलं गेलं होतं. तो सापडला असता तर नियमांनीच एक चौकट निवडली असती. पार्श्वभूमी प्रारण उद्या नाहीसं झालं तरी विद्युतचुंबकत्वाचं एकही समीकरण बदलणार नाही. ते विश्वात भरलेलं सामान आहे. नियमांना लाडकी चौकट नाही. विश्वात जे भरलेलं आहे, त्याला आहे. भौतिकशास्त्रात नियम आणि परिस्थिती यांच्यात गल्लत करू नये असं आपण म्हणतो, पण ती गल्लत इतक्या मोहक रूपात समोर येण्याची जागा मला दुसरी माहीत नाही.

आणि ही चौकट एक नाही, हा त्याहून मोठा मुद्दा. आपल्या इथे प्रारणाच्या मानाने स्थिर असलेला निरीक्षक घे. १० कोटी प्रकाशवर्षांवरच्या अ दीर्घिकेजवळ तसाच स्थिर असलेला दुसरा घे. दोघांनाही आकाश सगळीकडून सारखं दिसतं, दोघेही आपापल्या जागी शंभर टक्के स्थिर आहेत, आणि दोघांमधलं अंतर सेकंदाला २,१०० किलोमीटरने वाढतं आहे. न्यूटनला हवा होता तसा विश्वभर पसरलेला एकच स्थिर सांगाडा यातून मिळत नाही. प्रत्येक ठिकाणी स्थिरता मिळते, पण ती शेजाऱ्याबरोबर वाटून घेता येत नाही. एक गोष्ट मात्र वाटून घेता येते: अशा स्थिर निरीक्षकांची घड्याळं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं म्हणतात ते त्यांच्या घड्याळाने. ही पुस्ती जोडल्याशिवाय ते वाक्यही अर्धवटच.

इथून पुढे पाय घसरतो, म्हणून सावकाश चल. तुला फुग्याचं चित्र शिकवलं असेल: फुग्यावर ठिपके, फुगा फुगतो, ठिपके लांब जातात. केंद्र नसतं हे समजायला ते चांगलं आहे. पण त्यातून अशी समजूत होते की रबरासारखं काहीतरी ठिपक्यांना धरून ओढत नेतं. ही समजूत पारखायला एक काल्पनिक प्रयोग आहे. तमारा डेव्हिस, चार्ल्स लाइनविव्हर आणि जॉन वेब यांनी २००३ साली तो सविस्तर सोडवला. एक दूरची दीर्घिका दोरीने बांधून आपल्यापासूनचं तिचं अंतर कायम ठेव. मग दोरी सोड. ती काय करेल? जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो की प्रसरण तिला पकडेल आणि ती दूर जाऊ लागेल.

उत्तर यावर अवलंबून आहे की प्रसरणाचा वेग कमी होतोय की वाढतोय. गुरुत्वाकर्षणाने प्रसरण मंदावत असेल, तर सोडलेली दीर्घिका आपल्याकडे येते, आपल्याला ओलांडून पलीकडे जाते आणि पलीकडच्या प्रसरणात मिसळते. विश्व रिकामं असेल तर ती आहे त्या अंतरावर राहते. आपल्या विश्वात गेली काही अब्ज वर्षं प्रसरण त्वरण पावतं आहे, म्हणून आज सोडली तर ती दूर जाईल. पण तेही त्वरणामुळे, प्रसरण चालू आहे म्हणून नव्हे. प्रसरण म्हणजे बल नाही. दीर्घिका दूर जाताहेत कारण त्या आधीपासून दूर जात होत्या. म्हणूनच सूर्यमाला ताणली जात नाही, पुणे-मुंबई अंतर वाढत नाही, आणि देवयानी गुरुत्वाकर्षणाने आपल्याकडे येते. तिच्या त्या ३०० मध्ये सूर्याच्या प्रदक्षिणेचा मोठा वाटा आहे. तो वजा केला की आकाशगंगेच्या सापेक्ष सुमारे ११० उरतात. स्लायफरचा आकडा बरोबर होता, वाक्य पुढे पूर्ण करायचं होतं.

आता याच्या उलट भासणारी गोष्ट. एक मोकळा कण घे, आसपासच्या दीर्घिकांच्या मानाने धावणारा. त्याच्यावर काही बल नाही. तरीही काळ जाईल तसा तो हळू होतो: विश्वातली अंतरं दुप्पट झाली की त्याचा वेग, प्रकाशाच्या वेगापुढे लहान असेल तर, निम्मा. न्यूटनचा पहिला नियम कुठे गेला? समीकरण मांड. इवल्याशा वेळात कण थोडा पुढे जातो. तो जिथे पोहोचतो तिथल्या दीर्घिका मूळ जागेच्या मानाने त्याच दिशेने थोड्या सरकतच असतात. त्यांच्या मानाने मोजलं की त्याचा वेग तेवढा कमी भरतो. कणाला कोणी अडवलं नाही. तो आपल्यासारख्याच चालणाऱ्या शेजाऱ्यांत जाऊन पोहोचला. दोन ओळींचं अवकलन आहे, हबलचा स्थिरांक गुणिले वेग गुणिले वेळ. हाच हिशेब प्रकाशाला लाव: वेग बदलत नाही, पण संवेग त्याच प्रमाणात घटतो, म्हणजे तरंगलांबी दुप्पट होते. ताम्रसृती (प्रकाशाची तरंगलांबी अशी वाढणं) आणि कणाची ही मंदगती एकाच सूत्राची दोन रूपं आहेत. मला विचारशील तर या विषयाच्या पहिल्या वर्षात एवढं एक जरी स्वतःच्या हाताने काढलंस तरी पुष्कळ झालं.

प्रकाशापेक्षा वेगाने दूर जाणाऱ्या दीर्घिकांबद्दल तू शेवटी विचारलं आहेस. साधारण १,४०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे अंतर वाढण्याचा दर प्रकाशाच्या वेगाला ओलांडतो, हे खरं. प्रकाशाची मर्यादा एकाच ठिकाणी एकमेकांजवळून जाणाऱ्या दोन वस्तूंना लागू आहे, आणि कुठल्याही ठिकाणी कोणीही प्रकाशाला मागे टाकत नाही. वक्र अवकाशकाळात फार दूरच्या दोन वस्तूंचे वेग एकमेकांशेजारी ठेवून तुलना करायला एकच एक रीत नाही. त्यामुळे 'त्या दीर्घिकेचा वेग किती' असा प्रश्न आला की आधी विचार: अंतर कोणतं, आजचं की प्रकाश निघाला तेव्हाचं? आणि आज म्हणजे कोणाच्या घड्याळाने? मोजता येतं ते ताम्रसृतीचं प्रमाण. बाकीचं आपण त्यावर रचतो, आणि रचताना जी गृहीतं धरतो ती लिहून ठेवावी लागतात.

एमएस्सीला जाण्याआधी विशिष्ट सापेक्षतेच्या अवकाशकाळाच्या आकृत्या भरपूर काढ. सूत्रं चालवता येणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. 'एकाच वेळी' या शब्दाचा अर्थ आकृतीत बोट ठेवून दाखवणारी कमी. सामान्य सापेक्षतेची घाई नको. फ्रीडमनची समीकरणं न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणातूनही बरीचशी निघतात, आधी तशीच काढ.

आणि हा विषय संपलेला आहे असं समजून येऊ नकोस. आपला दीर्घिकांचा स्थानिक समूह, म्हणजे आकाशगंगा, देवयानी आणि शेजारच्या दीर्घिका मिळून, प्रारणाच्या मानाने सेकंदाला सुमारे ६२० किलोमीटरने चालला आहे. सूर्याचा आकडा त्याहून कमी आहे कारण त्याची आकाशगंगेभोवतीची प्रदक्षिणा सध्या जवळजवळ उलट दिशेने आहे. हा वेग आसपासच्या वस्तुमानाच्या ओढीने आला, असं आपण मानतो. ते खरं असेल तर अतिदूरच्या दीर्घिकांच्या मानानेही सूर्याचे तेच ३७० निघायला हवेत. याची परीक्षा एलिस आणि बाल्डविन यांनी १९८४ मध्ये सुचवली. धावणाऱ्याला समोरच्या बाजूला स्रोत थोडे जास्त आणि पाठीमागे थोडे कमी मोजता येतात, म्हणून आकाशभरचे दूरचे स्रोत नुसते मोजायचे. २०२१ मध्ये वाइज उपग्रहाच्या माहितीतले तेरा लाखांहून अधिक क्वेसार (अतिदूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रं) मोजले गेले. मोजणीतला हा कमी-जास्तपणाचा कल साधारण त्याच दिशेला निघाला, पण अपेक्षेच्या दुपटीहून मोठा. प्रारण एक स्थिरता सांगतं आणि क्वेसार दुसरी सांगतात, असं खरंच असेल तर विश्व मोठ्या प्रमाणावर सगळीकडे सारखं आहे या गृहीतालाच हात घालावा लागेल. मोजणीत काही राहिलं असेल तर ते शोधावं लागेल. मला स्वतःला अजून मोजणीचाच संशय जास्त वाटतो, पण माझ्या संशयाला पुराव्याचं वजन नाही.

खोडदच्या दुर्बिणीनेही १५० मेगाहर्ट्झला जवळजवळ नव्वद टक्के आकाशाचं सर्वेक्षण केलं आहे आणि त्यातल्या सहा लाखांहून अधिक स्रोतांची यादी सर्वांसाठी खुली आहे. त्यातही कल अपेक्षेपेक्षा खूपच मोठा दिसला, मात्र तिथे वेगवेगळ्या भागांच्या अंशांकनातल्या (तीव्रतेचं माप जुळवण्यातल्या) फरकाने तो आला असावा असं बरेच जण मानतात. ही यादी उतरवून घे. आकाशगंगेच्या पट्ट्यातले स्रोत आधी काढून टाक. आकाशाचा दक्षिण टोकाकडचा भाग तिच्यात नाही, त्यामुळे सरळ दोन अर्धे करून मोजलंस तर खोटा कल मिळेल. उलट बाजूचा तेवढाच तुकडाही वगळावा लागेल. मग तीव्रतेची खालची मर्यादा बदलत बदलत मोज आणि प्रत्येक वेळी कल किती हलतो त्याचा आलेख काढ. आलेख झाले की मला पाठव, आकड्यांसकट आणि तुझ्या शंकांसकट.

तुझे,
सर